गंगेत बुडालेली चावी आणि मैदागिनला उघडलेली गाडी

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, काशीक्षेत्री, मैदागिनजवळच्या पार्किंगमध्ये, भर दिवसा, शुद्धीत असलेल्या माणसांसमक्ष एका पांढऱ्या चारचाकीने आपल्या मालकिणीला चावीशिवाय ओळखले. कृपया ही बाब हसण्यावारी नेऊ नये. मी नेली होती... म्हणून सांगते.

आता माझ्याबद्दल. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधी नव्हता. लग्न होऊन काशीत, दूधविनायकच्या गल्लीत आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "अगं, मणिकर्णिकेचं स्मशान तुमच्यापासून इतकं जवळ, भीती नाही वाटत?" कसली भीती? इथे मेलेल्याला थेट मोक्ष मिळतो. म्हणजे भूत व्हायला शिल्लक कोणी राहतच नाही. काशीत मागे रेंगाळतात ते फक्त भाडेकरू.

तर गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदबाई, शरयूताई, नागपूरहून आल्या. ताई म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. जन्म याच गल्लीतला, सासर नागपूरचं. भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, पावसाळ्यात गेले होते. सोबत ताईंची मुलगी ईशा होती, आणि नागपूरपासून इथपर्यंत गाडी तिनेच चालवली होती. यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की ती गाडी ताईंची. पन्नाशीनंतर त्या भावोजींकडून शिकल्या, डाव्या सीटवरून त्यांची ओरड खात, आणि मग असं वेड लागलं की दर शनिवारी मैत्रिणींना गाडीत कोंबून रामटेक! भावोजी गेल्यापासून मात्र स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नाही. आता ठरलं होतं असं की गाडी विकायची, नागपूरचं घर बंद करायचं आणि ताईंनी हैदराबादला ईशाच्या फ्लॅटमध्ये राहायचं. "राहायचं" हा ईशाचा शब्द. ताई म्हणाल्या, "पडून राहायचं." आणि हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. त्यांनी ते अगदी शांतपणे म्हटलं...

गाडीची चावी ही नव्या जमान्यातली. तिला दात नाहीत, पातं नाही. झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा काळा तुकडा. तो पर्समध्ये असला की पुरे... दाराला हात लावा, दार उघडतं, बटण दाबा, गाडी सुरू. चावी लावायची नसते, ती नुसती जवळ असावी लागते. ती जवळ नसेल तर गाडी म्हणजे दगड. आमच्या गल्लीत तर स्कूटर आणि सांड समोरासमोर आले तरी वाटाघाटी कराव्या लागतात, त्यामुळे गाडी मैदागिनच्या पार्किंगमध्ये आणि चावी ताईंच्या मुठीत. भावोजींच्या खिशात असायची ना ती. म्हणून मुठीत.

सकाळी गंगापूजनाला भोसले घाटावरून नावेने निघालो. धुकं विरळ होत होतं, पांढरे पक्षी शेवेसाठी नावेभोवती कलकलाट करत होते. पूजा सांगायला आमचे घरचे गुरुजी, भाऊ. त्यांनी ताईंना परकरात पाहिलंय.

पूजा झाल्यावर भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला. काशीला आलेल्या माणसाने आवडीची एखादी गोष्ट गंगेवर सोडायची, पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही, अशी आपल्याकडची रीत. हुशार माणसं या वेळी काय करतात हे तुम्हाला माहीत आहे. मी नवी नवरी असताना अतिशय जड अंतःकरणाने पडवळ सोडलं.

"बोल शरयू, काय सोडतेस?" भाऊ म्हणाले. "कारलं सोड. सब वही छोड़ते हैं."

"भाऊ, मी तर इथलीच. मला कशाला?"

"अगं, लग्न झालं की तू नागपूरची यात्रेकरू. आम्ही काशीकर सोडायला लागलो तर ताटात काय उरणार?"

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी चालवणं सोडते."

नावाड्याचं वल्हं थांबलं. पक्षीसुद्धा जरा लांब गेले असं मला वाटलं, पण ते शेव संपल्यामुळे असेल.

"आवडती आहे ना नक्की?" भाऊंनी हळूच विचारलं.

"हो."

"मग ओंजळीत पाणी घे. जे सोडायचं ते मनात आण... हं, सोड."

लहानपणापासून ज्यांच्या घरात रोज संकल्प चालतो ना, त्यांचा हात गुरुजींचं "सोड" ऐकलं की आपोआप कलतो. डोक्याला कळायच्या आधी बोटं खाली होतात. ताईंचीही झाली. पाणी गेलं. आणि पाण्याबरोबर, ओंजळीत धरलेली चावी गेली. डुबुक!

"आई!!" ईशा किंचाळली.

"अगंबाई! मला नुसती हातात धरायची होती गं! छोड़ना नहीं था!"

"दुसरी चावी नागपूरला कपाटात आहे, आई!"

आमचे हे पाण्याकडे बघत म्हणाले, "चला, आता माशांनी गाडी शिकून घ्यायची."

मला हसू फुटलं. अशा प्रसंगी हसू नये हे मला कळतं, पण नाव हलायला लागली इतकी मी हसले. नावाड्याने पाण्यात बांबू घालून बघितला आणि मान हलवली.

घरी आल्यावर फोनाफोनी. नागपूरच्या शेजारीणबाईंनी कपाट उघडून व्हिडिओ कॉलवर दुसरी चावी दाखवली. तिथेच होती, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी. कंपनीच्या मदत केंद्रातला मुलगा अदबीने म्हणाला की चावीशिवाय गाडी उघडणार नाही, सुरू तर नाहीच नाही, टो करून न्या. त्यासाठी गाडीचा फोटो हवा होता, म्हणून दुपारी आम्ही मैदागिनला निघालो. ताई म्हणाल्या, "मी पण येते. गाडीला सॉरी म्हणते."

तिथे ईशाने चारही दारं ओढून पाहिली. बंद. ह्यांनी डिकी ओढून पाहिली. बंद. मीही एक दार ओढलं, उगाच, कारण सगळे ओढत होते. पार्किंगवाला म्हणाला, "चाबी है तो खोलिए ना, बहनजी, खींच काहे रहे हैं?"

"चाबी गंगाजी के पास है," हे म्हणाले.

मग ताई पुढे झाल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या कडीवर त्यांनी तळहात ठेवला. थोपटल्यासारखा. आणि... टुक्.

दिवे लुकलुकले. मिटलेले आरसे दोन्ही बाजूंनी उघडले, झोपेतून उठलेल्या गायीच्या कानांसारखे. ताईंनी कडी ओढली, दार उघडलं. माझं हसू तेव्हा गेलं ते संध्याकाळपर्यंत परत आलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना याचं गांभीर्य कळेल.

"आई, बटण दाब," ईशा कुजबुजली. "ब्रेकवर पाय ठेवून. बघू तरी."

ताई बसल्या. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा त्या सीटवर. बटण दाबलं. इंजिन सुरू! समोरच्या पडद्यावर लाल पाटी लागली की चावी सापडत नाही, आणि बीप-बीप-बीप सुरू झालं.

इथे मी जरा थांबते आणि नंतरच्या चौकशा आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर तुम्ही चौकशा ऐकणार नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये तिथल्या लोकांनी सीटखाली, गालिच्याखाली, स्टेपनीखाली शोधलं. चावी नाही. तिथे गाडी एकदा बंद केली ती केलीच. ताईंनी थोपटून पाहिलं, ईशाने विनवून पाहिलं, मी एक श्लोकही म्हटला. ढिम्म! नागपूरची चावी आली तेव्हाच ती पुन्हा सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला, "सिस्टिम में कभी-कभी हो जाता है," पण किती जणांच्या बाबतीत झालं विचारलं तर दुसऱ्या गाडीकडे वळला. मी शिकवते त्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी रेडिओलहरी, अंतर आणि पाणी यांवर मला छान समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे हे होऊ शकत नाही." भाऊंनी मात्र निकाल दिला: गंगेने चावी ठेवून घेतली आणि संकल्प परत केला, सबब शरयू मोकळी. मला विचाराल तर... एवढंच ठाऊक आहे की ईशा हैदराबादला विमानाने एकटी गेली, नागपूरचं घर उघडं आहे आणि रामटेकच्या रस्त्यावर शनिवारी पुन्हा बायकांचा आरडाओरडा ऐकू येतो.

तर, गाडी सुरू आहे.

"आई, बंद करू नकोस! बंद केलीस तर परत होणार नाही. उतरूही नकोस! आता तूच चालव सर्व्हिस सेंटरपर्यंत."

"मी? मी सोडलंय ईशा!"

"ताई," हे म्हणाले, "वाद नंतर घाल. निकल लो."

ह्यांनी पुढचं डावीकडचं दार उघडलं, क्षणभर त्या सीटकडे बघितलं, आणि दार लावून मागे येऊन आमच्या दोघींच्या मध्ये कोंबून बसले. का, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

गाडी बाहेर निघाली. मैदागिनचा चौक म्हणजे काय ते मी सांगायला नको. ई-रिक्षा, हातगाडी, फुलांच्या माळांचं पोतं डोक्यावर घेतलेला माणूस. ताईंचे खांदे कानांपर्यंत गेलेले, बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली. बीप चालूच. पहिल्या वळणाला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ताईंचे खांदे खाली आले होते आणि एका ई-रिक्षावाल्याला त्या चक्क खिडकीतून दटावत होत्या. मग समोर रस्त्याच्या मधोमध एक सांड दिसला, निवांत उभा. आम्ही त्याच्याजवळ जायला लागलो आणि बीप वाढलं... जोरात, घाईघाईने, जीव खाऊन. ताईंनी ब्रेक दाबला, सांडाला अलगद वळसा घातला, आणि डाव्या रिकाम्या सीटकडे न बघताच तडकून म्हणाल्या,

"अहो, दिसतंय मला! ओरडताय कशाला?"