ट्रेमधलं हातभर आतडं

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या वडिलांचं आतडं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

परवा फिनेलची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या नारायणगावच्या दवाखान्यात पोचलो. अण्णांच्या आतड्याला पीळ पडला होता. वाचतील की नाही, कुणी सांगत नव्हतं. ऑपरेशन संपवून डॉक्टर कापलेला तुकडा नातेवाइकांना दाखवायला घेऊन आले, तशी रीतच होती. ट्रेमध्ये हातभर काळंनिळं आतडं. मी नुसता बघत राहिलो. काहीच वाटेना, जणू दुसऱ्याच कुणाच्या बापाचं होतं.

जत्रेत बोकड सोलणारा मामा मात्र वाकून म्हणाला, "एवढंच व्हय? बोकडाचं तर अंगणभर पसरतंय, राव!"

"त्याला पाला पचवायचा असतो, म्हणून लांब लागतं," डॉक्टर म्हणाले. "माणसाचं लहान आतडं वीसेक फूट. एवढं गेलं तरी उरलेलं भागवून नेतं. पेशंट वाचलाय."

आज हे मी हातवारे करून सांगतो. तेव्हा आम्ही दगडासारखे उभे होतो. सकाळपासून अवाक्षर न बोललेली आई एकदम ओरडली, "अवो डाक्टर, जोड पक्का मारलाय ना? ह्यांना एका टायमाला चार भाकरी लागत्यात!"