बटणावरचा वन्स मोअर

मध्यंतरी एका परिसंवादाचं बोलावणं आलं. विषय होता, संगीत नाटकाला प्रेक्षक कसा आणावा. तुम्ही सांगली-साताऱ्यात इतकी वर्षं तिकीट खिडकीवर बसलात, दहा मिनिटं बोला, म्हणाले. मी गेलो नाही. गेलो असतो तर शिव्या दिल्या असत्या, आणि पहिली मलाच द्यावी लागली असती.

प्रेक्षक कसा येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. आमची लहानशी नाटकमंडळी. माझी थोरली बहीण, आमची अक्का, नायिका व्हायची आणि सगळी पदं गायची. मी खिडकीवर. खिडकी उघडली की पहिला माणूस तिकीट मागायचाच नाही. "पास आहेत का?" डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळ्यांचा एकच प्रश्न. पोराच्या लग्नात डॉल्बी दोन दिवस घुमवणारी ही माणसं, नाटकाचं तिकीट म्हटलं की त्यांचा हात खिशातच अडकायचा. पुढच्या दोन रांगा मानाच्या पाहुण्यांसाठी राखायच्या हा आमचा रिवाज. पाहुणे पहिल्या अंकात जांभया द्यायचे आणि मध्यंतरात वडा खाऊन घरी जायचे. पुन्हा हेच लोक भाषणात म्हणणार, सांगली म्हणजे नाटकाचं माहेर. माहेरी आलेल्या लेकीला कोणी असं वागवतं का?

तिकीट काढून येणारेही होते, नाही असं नाही. त्यातला एक जतकडचा म्हातारा धनगर. मेंढरं आता मुलगा बघतो, हा तेवढ्या लांबून एसटीनं यायचा आणि कायम शेवटच्या रांगेचं तिकीट घ्यायचा. पुढं बसा की, म्हटलं तर म्हणायचा, "गाणं ऐकायला आलोय. त्वांड बघून काय करू?" स्वतः ओव्या म्हणणारा माणूस. दुसऱ्या अंकातल्या पदाला पहिला वन्स मोअर त्याचाच असायचा. आणि अक्का तेच पद पुन्हा म्हणायची, पण तसंच कधीच नाही. कुठं तान वळवायची, कुठं एखादा शब्द रेंगाळत ठेवायची. ऑर्गनवाल्याला हसू यायचं, कारण आता बाई कुठं नेणार हे त्यालाही माहीत नसायचं.

खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा प्रयोग लावणारा ठेकेदार म्हणाला, "मालिकेतली एक मुलगी आणतो. खिडकी फुटंल बघा." तिला गाता येत नव्हतं. "मग काय झालं? अक्कांचा आवाज भरून घेऊ. ती ओठ हलवंल."

अक्काला हे सांगायला मी गेलो. दुसऱ्या कोणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला भरलेलं सभागृह एकदा बघायचं होतं. ती मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "आवाज तुझाच असणार की. फरक काय पडतो?"

तिनं हातातली काडी मोडली. "मी कुठं बसायचं?"

"विंगेत. यंत्र अडलं तर माईक असंल."

ती बरं म्हणाली आणि पुढची जुडी सोडली. मी सुटल्यासारखा बाहेर आलो. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

सांगलीत विश्रामबागेत रविवारी दुपारी प्रयोग लागला. हाऊसफुल्लची पाटी माळ्यावरून काढून पुसली, तिच्यावर पालीची अंडी होती. पास मागणारा डॉक्टर सहकुटुंब रांगेत उभा राहून तिकिटं काढून गेला. मला त्याचा गळा धरावासा वाटला, पण मी हसून तिकिटं फाडून दिली. ती पोरगी रंगमंचावर आली तेव्हा निम्म्या सभागृहानं मोबाइल वर धरले. तिचा दोष नाही. तिनं ओठ चोख हलवले.

दुसऱ्या अंकाला खिडकी बंद करून मी समोरच्या विंगेत जाऊन उभा राहिलो. पद संपलं. टाळ्या, आणि मागून वन्स मोअर. पलीकडच्या विंगेत अक्का खुर्चीवरून उठली. सवयीनं उठली. पदर सारखा केला, डोळे मिटले, श्वास घेतला. तिचं तोंड उघडलेलं मला स्वच्छ दिसलं.

ध्वनिवाल्यानं बटण दाबलं. तेच पद, तीच तान, मघाशी जिथं श्वास घेतला होता तिथंच तोच श्वास. अक्कानं डोळे उघडले आणि खाली बसली.

सभागृहाला काही कळलं नाही. पुन्हा टाळ्या झाल्या.

नाटक सुटल्यावर जतचा म्हातारा दाराशी आला. "आवं, बाई कुठं हाय तुमची?"

"आवाज तिचाच होता, बाबा."

"व्हय, वळखला की. दोन्ही बारीला तंतोतंत येकच म्हणली. जित्तं माणूस आसं म्हणत न्हाई." मग म्हणाला, "मी आपला वरडत बसलो मागनं. कुणाला वरडलो म्हणायचं?"

तो परत कधी आला नाही. शिराळ्याला, कराडला, साताऱ्याला प्रयोग मात्र भरत राहिले. खिडकीवर आता फोन येतात, "त्या मालिकेतल्या बाई आहेत ना?" मी आहेत म्हणतो. गाणार कोण, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि मला त्या सगळ्यांचा राग येतो, पण राग धरून तरी कुठल्या तोंडानं बसू? पहिला विकणारा मीच.

अक्कानं विंगेत बसणं सोडलं. यंत्र कधी अडत नाही, मग माझं काय काम, म्हणाली. परवा दिवाळीला सगळे घरी जमलो होतो. फराळ झाला, कोणीतरी पेटी काढली, आणि मी म्हटलं, "अक्का, ते दुसऱ्या अंकातलं म्हण की."

ती ताटं उचलत होती. रागावली नाही, थांबलीही नाही.

"मोबाइलवर लाव," ती म्हणाली. "आवाज माझाच असणार की. फरक काय पडतो?"