दर दसऱ्याला दहा मिनिटं चालणारं विमान

सावंत विमानाच्या टायरला हलकेच लाथ मारत होते. सेकंडहँड टेम्पो घेताना मारतात तशी.

"टायर नवे आहेत," ते खुशीत म्हणाले.

"विमान टायरवर उडत नाही," मी म्हणाले.

सावंतांचं ऑफिस मुलुंडला, कारखाने बेळगाव आणि जालन्याला. घरच्यांना, माणसांना घेऊन फिरायला त्यांना स्वतःचं विमान हवं होतं. मी मेंटेनन्स इंजिनीअर. बोरीवलीत राहते आणि पंचवीस वर्षं विमानांच्या पोटात डोकं घालते. जुनं विमान घेण्याआधी ते तपासतात, त्याला आम्ही प्री-बाय म्हणतो. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त इथे आतडी उघडून बघता येतात.

हे सिंगल इंजिन टर्बोप्रॉप होतं. म्हणजे नाकावर पंखा आणि तो फिरवायला आत छोटं जेट इंजिन. इंजिन एकच. घाटावर रुसलं तर दुसरं नाही.

विमान जुहूच्या एका हँगरमध्ये, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दिसायला झकास. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"फार चाललंच नाही, मॅडम," ब्रोकर दिनेश म्हणाला. "मालक परदेशात. असा पीस शोधून मिळणार नाही."

सावंतांचा जीव जडला होता. चार दिवसांवर अक्षय्य तृतीया, त्या दिवशी सही. फॅमिली ग्रुपवर फोटोही गेले होते.

मी लॉगबुक उघडलं. विमान कधी उडालं, काय बदललं, सगळं त्यात असतं. सहा वर्षांत उड्डाण एकही नाही. मात्र दर वर्षी एकदा नोंद: इंजिन जमिनीवर चालवलं, दहा मिनिटं.

"हे काय रे?"

"दसरा," दिनेश अभिमानाने म्हणाला. "हार घालायचा, नारळ फोडायचा, इंजिन चालू करून आरती."

"आणि मग?"

"मग पेढे."

"इंजिन धुतलं कोणी?"

दिनेशने हँगरच्या छताकडे बघितलं.

समुद्राकाठी इंजिन चाललं की हवेतला खार आत बसतो. तो लगेच पाण्याने धुवून काढायचा असतो. इथे दर दसऱ्याला खारी हवा ओढायची आणि वर्षभर झाकून ठेवायचं. भक्तिभावाने.

मी कव्हर काढलं. हवा आत घेणाऱ्या जाळीवर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

"निर्माल्य आहे, मॅडम. झटकलं की जाईल."

मग बोरोस्कोप काढला. बारीक नळी, टोकाला कॅमेरा. डॉक्टर पोटात घालतात तशी. नळी आत सोडली आणि स्क्रीन सावंतांच्या हातात दिला. तोंडी सांगता आलं असतं. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

आतली पाती जुन्या तव्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती.

"ह्यां काय गो बाय?" सावंत थेट मालवणीवर आले. "पॉलिश करून नाही भागणार?"

"इंजिन उतरवून पूर्ण उघडावं लागेल. तोवर मी ओके देणार नाही. यात बायको-मुलांना बसवणार ना तुम्ही?"

त्यांनी स्क्रीन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "नको. घरी काय सांगू?"

"मॅडमनी मोडलं म्हणून सांगा."

"वाट लावलीत, मॅडम," दिनेश पुटपुटला.

"तुझ्याकडे ते दुसरं आहे ना रे, रोज उडणारं? ते दाखव."

ते त्याने मुद्दामच दाखवलं नव्हतं. एका कंपनीच्या इंजिनीअरांची ने-आण करून त्याच्या सीट फाटल्या होत्या, दाराचा रंग उडाला होता.

"ही तर शेअर रिक्षा," सावंत म्हणाले.

"शेअर रिक्षा कधी बसून राहिलेली बघितलीत?"

लॉगबुकं तीन, जाडजूड. प्रत्येक धुण्याची सहीसकट नोंद. आतली पाती स्वच्छ. मी पुन्हा स्क्रीन त्यांच्या हातात दिला. या वेळचा चेहराही बघण्यासारखा होता.

अक्षय्य तृतीया हुकली. गुरुजींनी पंधरा दिवसांत दुसरा मुहूर्त काढला; त्यांच्याकडे मुहूर्तांची टंचाई नसते.

पहिल्या फेरीनंतर सावंतांचा बेळगावहून फोन आला. "मॅडम, मुलुंडहून जुहूला यायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आत इथे पोचलो. पोरं उतरायला तयार नाहीत."

जुनं विमान घेताना ते किती कमी चाललं याचं कौतुक करू नका. किती दिवस बसून होतं ते विचारा.