उसना पाईप

धुकं इतकं दाट की समोरच्या पिठाच्या गिरणीचा नुसता आवाज यायचा, गिरणी दिसायची नाही. आप्पा मिस्त्रींनी गॅरेजचं शटर वर ढकललं, गारठलेली बोटं काखेत धरली आणि फोटोवाल्याची जुनी मोटारसायकल स्टँडवर घेतली. दुखणं साधं होतं. पुढच्या फोर्कचा डावा पाय तेल गाळत होता.

डाव्याचं सील बदलून झालं, तसा आप्पांनी उजव्याला पाना लावला.

"आप्पा, दुखतोय एक दात आणि उपटताय दोन!" फोटोवाला म्हणाला.

"त्याचे जास्तीचे पैसे नाही घेत ते," चहा घेऊन आलेली आप्पांची बायको म्हणाली. "या जातीची गाडी दिसली की सोयरीक जमवायची असल्यासारखे पाय न्याहाळतात."

आप्पा हसले नाहीत. तरुणपणी त्यांच्याकडे आणि थोरल्या भावाकडे, दादाकडे, अशीच एकेक गाडी होती. दादाने आपली खड्ड्यात घातली, फोर्कचा पाईप वाकवला. वडिलांनी चार कारागिरांदेखत त्याच्या कानाखाली काढली. दादा घर सोडायला निघाला. आप्पांनी आपल्या गाडीचा सरळ पाईप काढून त्याच्या गाडीत बसवला, वाकडा स्वतःला ठेवला. म्हणाले, "राग उतरला की ये आणि माझा पाईप परत कर." दादाचा राग काही उतरला नसावा; तो परत आलाच नाही. तेव्हापासून अशी गाडी आली की आप्पा पाईप पार वरच्या पकडीतून ओढून त्याचं टोक बघायचे. त्यांच्या पाईपवर तिथे त्यांनीच पंचने ठोकलेले तीन ठिपके होते.

आजच्या टोकावरचा गंज त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसला. एक ठिपका. दुसरा. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"ही गाडी कुणाकडून घेतलीस रे?" आप्पांनी विचारलं.

"मामाची. पहिल्यापासून घरचीच."

"आणि हा फोर्क?"

"तो होय! मामाने खांबाला धडक दिली, तेव्हा भंगारातून उचलला. ढीग होता म्हणे. तो भंगारवालाही गेला आता."

"कुठल्या गाडीचा, काही...?"

"आप्पा, तुम्हीच सांगता ना, कुठलाही कुठेही बसतो!"

खरंच होतं ते. डाव्याचा उजव्याला बसतो, या गाडीचा त्या गाडीला बसतो. या सोयीवर आप्पांनी जन्मभर पोट भरलं. पण जो कुठेही बसतो, तो कुठून आला हे कसं सांगणार?

बायकोने त्यांचा चेहरा पाहिला आणि ती जवळ आली. "सापडला?"

"पाईप सापडला."

"आणि मोठे भाऊजी?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली. ती हलकेच म्हणाली, "ठेवून घ्या. मांडणीवर इतके पडलेत, त्यातला चांगलासा एक याला द्या. आणि तुमच्या गाडीतला तो वाकडा काढा एकदाचा. प्रेसवर किती सरळ केलात, तरी डावीकडे ओढतोच. मागे बसून माझी कंबर धरते."

आप्पांनी पाईप गुडघ्यांवर आडवा धरला. किती सरळ होता! हा आपल्या गाडीत गेला, की दादाचा बाहेर येणार. बाहेर आला, की मांडणीवर, मग ढिगात. उसनी वस्तू परत आली की देणारा-घेणारा मोकळे होतात. आणि आप्पांना मोकळं व्हायचं नव्हतं.

"माझा आहे तो," ते म्हणाले. "पण आणून द्यायचा दादाने."

"ते आता..."

"माहितेय गं."

त्यांनी पाईपला तेलाचा हात फिरवला आणि तो फोटोवाल्याच्या गाडीत होता तिथे बसवला. बोल्ट आवळले. हँडल धरून फोर्क दोनदा दाबून पाहिला. न कुरकुरता खाली गेला, वर आला.

"जपून चालव," ते म्हणाले.

"मी काय, मामा आहे का खांबाला धडकायला?" म्हणत फोटोवाल्याने किक मारली. गाडी धुक्यात दिसेनाशी झाली, तरी आवाज बराच वेळ येत राहिला. तो विरला तसे आप्पा आत वळले, फरशीवर सांडलेल्या तेलावर भुसा टाकला आणि झाडू घेतला.