मागची तारीख

आमच्या लसीकरण केंद्रातल्या सिस्टरना सगळे 'दहा दिवस' म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. परदेशी निघालेला माणूस खुर्चीत बसला रे बसला की त्या सुरू: "टायफॉइडची घ्या, काविळीची घ्या. आणि पीतज्वराची घेतल्यावर दहा दिवस प्रवास नाही. लस अंगात मुरायला तेवढे लागतात." हात इतका हलका, की माणूस बाही वर धरूनच विचारायचा, "झालं?" तोंडाबद्दल न बोललेलं बरं.

माझं टेबल शेजारीच. पिवळ्या कार्डावर, म्हणजे पीतज्वराच्या लशीच्या दाखल्यावर, शिक्का मारायचं काम. लशीच्या तारखेला दहा दिवस झाल्याशिवाय ते कार्ड विमानतळावर चालत नाही. बावीस वर्षं मारतोय. मारताना कार्ड वाचायची सवय मला नाही, गप्पा मारायची आहे.

सिस्टरचा धाकटा भाऊ वेल्डर होता. आई लवकर गेली, म्हणून त्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. त्याच्यापायी स्वतःचं लग्नही राहिलं. सात वर्षांपूर्वी तो दूरदेशी, जंगलातल्या कारखान्यात कामाला गेला आणि महिन्याच्या आत पीतज्वरानं गेला. घरी फक्त त्याची बॅग आली. मला वाटायचं, लस घेऊनही गेला बिचारा, नशीब! तेव्हापासून सिस्टरचं हसणं बंद झालं आणि 'दहा दिवस' सुरू झालं.

गेल्या महिन्यात एक तरुण आला. आई पीतज्वराच्या देशात, तिथल्या दवाखान्यात, डॉक्टरांनी आशा सोडलेली. विमान तीन दिवसांवर. सिस्टरनी लस टोचली आणि कार्डावर त्या दिवसाची तारीख घातली. त्यानं मागची तारीख घालायला विनवलं, हात जोडले, शेवटी भडकला.

"तुम्हाला आई नव्हती का हो?"

सिस्टर ढिम्म हलल्या नाहीत. तो दार आपटून गेला. माझंही डोकं फिरलं.

"सिस्टर, तारीखच तर आहे! मागची टाकली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

त्यांनी पर्समधून एक पिवळं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. भावाचं.

"लस चौदाला दिली. विमान सतराला. तोही असंच म्हणाला, ताई, तारीखच तर आहे. मी चार तारीख लिहिली. आपल्या डॉक्टरांनी न बघता सही केली. बावीसला त्याला ताप चढला."

सहीखाली शिक्का होता. सरळ, ठसठशीत. माझा.

सात वर्षं मी ह्या बाईची टिंगल करत होतो. स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

त्या तरुणानं विमान पुढे ढकललं होतं. लस घेतल्याच्या नवव्या दिवशी तो केंद्रात आला. आई पहाटे गेली होती. ओरडायलाच आला होता. सिस्टरनी त्याला खुर्चीत बसवलं.

"बाळा, शिव्या दे मला. पोटभर दे," त्या म्हणाल्या. "द्यायला तू आहेस ना."

त्यानं टेबलावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. सिस्टर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझ्यापुढे तीन कार्डं पडली होती. मी तिन्ही पहिल्या ओळीपासून वाचली, मगच शिक्का उचलला.