वसतिगृहाची भाकरी

निजामी अमलात लातूरचे अडते पोत्यामागे धर्मादाय कापत आणि वर्षाअखेर संस्थांना वाटत. आमच्या वाचनालयाचा अर्ज घेऊन मी आप्पा अडत्यांकडे गेलो, तेव्हा तो आधीच बसला होता. कुठल्याशा वसतिगृहाचा माणूस. नाव विचारायचं राहिलंच. त्याने मांडीवर फडकं सोडून भाकरी काढली.

"आप्पा, मागल्या साली तुम्ही दिलेल्या ज्वारीची हाय. पोरं हीच खातेत. चाखा."

अडत्याने तुकडा मोडला आणि चावत मला विचारलं, "मागल्या साली तुम्हीबी नेलं होतं की, मास्तर. काय आणलंत?"

"अर्ज."

आप्पा हसले. धर्मादाय सगळा वसतिगृहाला गेला.

उठताना त्या माणसाने उरलेली भाकरी माझ्या हातावर ठेवली. "मागायला येता, तसं दाखवायलाबी येत जा."

दाखवणार काय? फाटतील म्हणून पुस्तकं मी कुणाला देतच नव्हतो. कपाटाची किल्ली तेव्हाही माझ्याच खिशात होती.