दंडावरचा कागद

सुईण तुळजाक्कानं गोदावहिनीच्या पोटावर गुडघा टेकवला आणि वहिनी ओरडायची थांबली. तिच्या ओरडण्यापेक्षा त्या थांबण्याची मला भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, दाबू देऊ नगा... डाक्टरीणबाईनं कागदात लिव्हलंय." पायथ्याशी माझी आई बसली होती. ती म्हणाली, "कागद दंडाला बांधलाय की. मग कशाला भेतीस?"

वहिनी तीन आठवड्यांपूर्वी गेली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. भेटायला आलेले लोक म्हणाले, नशिबाची बाई. मी त्या खोलीत होते. निजामाचं राज्य होतं तेव्हा, मी चौदा वर्षांची. मला तिथं नशीब काही दिसलं नाही.

त्याआधी तिची तीन मुलं चौथ्या-पाचव्या महिन्यात पडली होती. गावात ओटी भरायला तिला कुणी बोलवेना. माझ्या भावासाठी, अण्णासाठी, हुमनाबादकडची दुसरी मुलगी आईनं बघूनही ठेवली होती. तिसऱ्या खेपेला रक्त थांबेना, म्हणून अण्णानं तिला बीदरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना पिशवी साफ करताना बोटाला लागलं, की आत मधोमध पडदा आहे. मूल त्या पडद्यावर रुजतं, तिथं त्याला पुरेसं रक्त मिळत नाही, मग पडतं. पोट उघडून पडदा कापता येईल, पण जिवाला धोका आहे, असं त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाली, "कापा. असं बी मरायलेच की मी."

पडदा कापला, पिशवी शिवली. पुढच्या बाळंतपणात काय सांभाळायचं ते बाईंनी उर्दूत लिहून दिलं. अण्णाला उर्दू बोलता यायची, वाचता यायची नाही. आणि बाईंनी तोंडी सांगितलेलं आईपुढं बोलायची त्याला लाज. त्यानं कागद आईच्या हातात दिला, "हिच्या बाळंतपणाचा हाय, जपून ठेव." आमच्या घरात त्या अक्षरांची एकच वस्तू येत असे, दर्ग्यातला ताईत. आईनं कागदाची बारीक घडी केली, काळ्या कापडात शिवली आणि दिवस राहिल्याबरोबर वहिनीच्या दंडाला बांधली. मी चार इयत्ता उर्दू शिकलेली, पण मी सासरी होते. वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा मला मदतीला आणलं, आणि दोन दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या.

मी तुळजाक्काचा हात धरला. ती म्हणाली, "चार बुकं शिकलीस म्हणून मला बाळंतपण शिकवायलीस व्हय गं?" मी ताईताचे टाके दातांनी तोडले. घामानं शाई फुटली होती. जेवढं लागलं तेवढं मोठ्यानं वाचलं. कळांची वाट न बघता दवाखान्यात आणा. पोटावर दाब देऊ नका. टाका उसवला तर आई आणि मूल दोघं जातील... पुढं वाचवेना. आईनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. तिला त्यातलं काय कळणार? मग ती तुळजाक्काला म्हणाली, "गुडघा काढ."

आमच्या खटकचिंचोळीहून भालकीपर्यंत बैलगाडी, तिथून बीदरला रेल्वे. सगळी वाट माझा तळहात वहिनीच्या पोटावर होता. कळ आली की पोट दगडासारखं व्हायचं, मग सैल पडायचं. एखाद्या वेळी सैल पडलंच नाही तर काय करायचं, ते कागदात नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि तिला कळलं असतं मी किती भ्यायले ते. आई समोर बसून ते रिकामं काळं कापड नुसतं बोटाला गुंडाळत होती.

ताईतानंच वाचवलं, असं आई मरेपर्यंत सांगत होती. वहिनी म्हणायची, "व्हय." मला राग यायचा... आता येत नाही. परवा वहिनीची पेटी उघडली तर लुगड्यांच्या तळाशी तो ताईत निघाला. कागद पुन्हा आत घालून शिवलेला, टाके वहिनीच्या हातचे. मी उसवून बघितला. शाई पार उडाली आहे, एक अक्षर लागत नाही. पेटी उघडायला माझ्यासोबत कमल होती, वहिनीची थोरली. बीदरला पुन्हा पोट फाडून काढली ती हीच. त्या दिवशी दोघी जगल्या.